लम्पीसाठी शेळीच्या देवीची लस: खानापूर तालुक्यातील एका गोठ्यातून परीक्षण

लम्पी चर्मरोगापासून गाई-बैल वाचवण्यासाठी २०२२ पासून महाराष्ट्रात जी लस गावोगाव टोचली गेली, ती मुळात गाईंसाठी तयार केलेली नाही. शेळ्यांना होणाऱ्या देवीच्या रोगावरची, उत्तरकाशी स्ट्रेनची (स्ट्रेन म्हणजे विषाणूचा विशिष्ट वाण), जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची ती लस आहे. सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात आमचा दुधाचा गोठा आहे. संकरित गाई, त्यांच्या कालवडी, खिल्लार बैलांची एक जोडी आणि काही शेळ्या असा आमचा बारदाना आहे. ही लस आम्ही साथीच्या ऐन भरात घेतली आणि पुढच्या फेऱ्याही चुकवल्या नाहीत. दूध उत्पादकांच्या मनात तिच्याविषयी अजूनही दोन टोकांची मते आहेत. काहींना वाटते की ती घेतली म्हणजे लम्पीची चिंता कायमची मिटली, तर काहींना वाटते की शेळीचे औषध गाईला देणे ही सरकारने केलेली नुसती वेळ मारून नेणे होती. ही दोन्ही मते मला चुकीची वाटतात. पाचपैकी चार गुण मी या लसीला देईन, आणि ते चार का दिले व एक का राखून ठेवला, हे पुढे मांडते.

लम्पीचा रोग पहिल्यांदा १९२९ मध्ये आफ्रिकेतील झांबियात दिसला आणि भारतात त्याची नोंद २०१९ मध्ये ओडिशात झाली. २०२२ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात गुजरात आणि राजस्थानात त्याने हाहाकार उडवला आणि ऑगस्टमध्ये जळगावच्या बाजूने तो महाराष्ट्रात पसरू लागला. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे राज्यात सुमारे १ कोटी ४० लाख गाई-बैल होते, आणि त्या सर्वांसाठी लम्पीची स्वतःची अशी लस त्या क्षणी बाजारात उपलब्ध नव्हती. हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आणि इज्जतनगर येथील भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था यांनी मिळून तयार केलेली ‘लम्पी-प्रोव्हॅक-इंड’ ही लस १० ऑगस्ट २०२२ रोजी जाहीर झाली होती, परंतु प्रयोगशाळेत लस सिद्ध होणे आणि तिच्या लाखो मात्रा गोठ्यापर्यंत पोहोचणे यांत फार मोठे अंतर असते. गुरांचे बाजार बंद झाले होते, जनावरांची ने-आण थांबली होती आणि शेळीच्या देवीची लस मात्र देशातल्या कारखान्यांत आधीपासून बनत होती. म्हणून ती निवडली गेली. ही निवड घाईची असली तरी तिला शास्त्राचा भक्कम आधार होता, आणि तो आधार समजून घेतल्याशिवाय लसीचे मोल कळत नाही.

गाईचा लम्पी, शेळीची देवी आणि मेंढीची देवी हे तीन रोग करणारे विषाणू कॅप्रीपॉक्स या एकाच कुळातली चुलत भावंडे आहेत. तिघांचा जनुकीय आराखडा सुमारे दीड लाख अक्षरांचा असून तो एकमेकांशी ९६ ते ९७ टक्के जुळतो. २००२ मध्ये या तिघांच्या आराखड्यांची तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हा असे दिसले की शेळी-मेंढीच्या विषाणूंतील सर्व १४७ जनुके लम्पीच्या विषाणूतही आहेत. उलट लम्पीच्या विषाणूतील ९ जनुके शेळी-मेंढीच्या विषाणूंत मोडलेल्या, निकामी अवस्थेत आहेत. कोणता विषाणू कोणत्या जनावराला घातक ठरतो, हे बहुधा अशा थोड्या जनुकांवर ठरत असावे. शरीराची रोगप्रतिकारशक्ती मात्र विषाणूच्या सगळ्या प्रथिनांकडे पाहते, आणि ती प्रथिने तिघांत इतकी सारखी आहेत की रक्तातील प्रतिपिंडांच्या (शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेल्या संरक्षक प्रथिनांच्या) चाचणीवरून ती प्रतिपिंडे कोणत्या विषाणूमुळे तयार झाली हे सांगता येत नाही. लसीतील दुबळा विषाणू गाईच्या शरीरात थोडासा वाढतो, शरीर त्याची डझनावारी प्रथिने ओळखून ठेवते, आणि पुढे चावऱ्या माशीच्या सोंडेतून खरा लम्पी आला तर त्याचा बराचसा भाग शरीराच्या ओळखीचा निघतो. संशोधक या परिणामाला क्रॉस-प्रोटेक्शन म्हणतात. एका विषाणूने दिलेले संरक्षण त्याच्या नातलगाविरुद्ध कामी येणे, असा त्याचा साधा अर्थ.

आता प्रत्यक्ष लस हाताळण्याविषयी. ही लस कोरड्या भुकटीच्या रूपात लहान कुपीत येते आणि सोबतच्या द्रावणात विरघळवून टोचली जाते. कुपी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राहिली पाहिजे आणि एकदा विरघळवल्यावर थोड्या तासांत संपवली पाहिजे. लसीतला विषाणू जिवंत आहे आणि त्याचे जिवंत असणे हाच लसीचा प्राण आहे, त्यामुळे उन्हात तापलेली कुपी टोचली तर जनावराला सुईचा त्रास तेवढा होतो आणि संरक्षण काहीच मिळत नाही. आमच्या भागातील पशुवैद्यकीय दवाखान्याच्या डॉक्टरांनी आणि पर्यवेक्षकांनी या बाबतीत दाखवलेली काटेकोरी मला फार मोलाची वाटली. बर्फाचा डबा सावलीत ठेवणे, एका वस्तीवरची जनावरे एकत्र झाल्याशिवाय कुपी न फोडणे, प्रत्येक जनावराला वेगळी सुई वापरणे आणि कानातील बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक लिहून घेणे, हे सर्व त्यांनी भर गर्दीतही सोडले नाही. सुई बदलण्याचा आग्रह विशेष महत्त्वाचा होता, कारण लम्पीच्या साथीत न बदललेली सुई स्वतःच रोग पसरवू शकते. याच्या उलट, त्याच सुमारास तालुक्यातील एका दुकानात बर्फाशिवाय, साध्या कागदी खोक्यात ठेवलेल्या कुपीसाठी पैसे मोजणारे शेतकरीही मी पाहिले. सरकारी लस विनामूल्य असताना, केवळ रांग टाळण्यासाठी अशी कुपी घेऊन ती कोणाकडून तरी टोचून घेणे, हे मला अतिशय धोक्याचे वाटते, कारण त्यातून निर्माण होणारा निश्चिंतपणा गोचीड-माशांचा बंदोबस्त आणि आजारी जनावर वेगळे बांधणे या दोन्ही गोष्टी सैल करून टाकतो.

मात्रेचा मुद्दाही असाच नेमका आहे. शेळीचा विषाणू गाईच्या शरीरात शेळीइतक्या जोमाने वाढत नाही, म्हणून गाईला शेळीच्या मात्रेपेक्षा वाढीव मात्रा द्यावी लागते आणि ती मानेच्या कातडीखाली दिली जाते. लस कमी पडेल या भीतीने मात्रा तोडून जास्त जनावरांना वाटण्याचा मोह गावात होतो; तसे केल्यास सगळ्यांनाच अपुरी लस मिळते. आमच्या गाईंपैकी काहींच्या टोचल्या जागी सूज आली, एकदोघींना कणकण आली आणि दूध थोडे कमी झाले, पण ते लवकरच पूर्ववत झाले. संरक्षण तयार व्हायला साधारण तीन आठवडे लागतात, आणि हा काळ सर्वांत नाजूक असतो. आमच्या शेजारच्या वस्तीवर एका कालवडीला लस दिल्यानंतर आठवडाभरातच गाठी उठल्या आणि लसीनेच रोग आणला असा बोभाटा झाला. डॉक्टरांनी समजावून सांगितले ते मला पटले. रोगाची लागण लसीच्या आधीच झालेली असणार, आणि ज्या जनावरात लक्षणे उघड दिसतात त्याला ही लस द्यायचीच नसते.

परिणाम कसा होता, हा खरा प्रश्न. आमच्या गोठ्यात लस घेतलेल्या एका गाईला त्या हंगामात लम्पी झाला. मानेवर आणि पाठीवर मोजक्या गाठी, दोन दिवस ताप, पुढच्या पायाला सूज, आणि मग ती चरायला लागली. जवळच्याच एका गोठ्यात लस न घेतलेली गाय मात्र अंगभर गाठींनी फुटली, जखमांत अळ्या पडल्या आणि तिचा पुढचा वेतच हातचा गेला. दोन गाईंवरून कोणतीही लस जोखता येत नाही, हे मी जाणते. जात, वय, अंगावरचे गोचीड, गोठ्यातली ओल अशा अनेक गोष्टी निकाल बदलतात. म्हणून बाहेरच्या देशांत काय आढळले ते पाहणे आवश्यक आहे, आणि तिथे चित्र संमिश्र आहे. इस्रायलमध्ये २०१२-१३ च्या साथीत मेंढीच्या देवीची लस दहापट मात्रेत आणि लम्पीच्याच नीथलिंग स्ट्रेनची लस अशी तुलना झाली, तेव्हा लम्पीच्या स्वतःच्या लसीने स्पष्टपणे जास्त संरक्षण दिले. इथिओपियातील २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मात्र शेळीच्या देवीच्या गोरगान स्ट्रेनने गाईंना चांगले वाचवले आणि तिथे वापरात असलेल्या इतर दोन लसी अपुऱ्या पडल्या. त्यांपैकी केनियातून आलेली, मेंढ्या-शेळ्यांच्या देवीची म्हणून वर्षानुवर्षे वापरली जाणारी एक लस तर विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे: जनुकीय तपासणीत तिच्यातला विषाणू मुळात लम्पीचाच निघाला. म्हणजे जी नातलगाची लस समजून गाईंना दिली जात होती, ती प्रत्यक्षात त्याच रोगाच्या विषाणूची होती आणि गाईंसाठी तिचे दुबळेपण पुरेसे आहे का, याचीच खात्री नव्हती. नातलगाची लस वापरताना कुपीत नेमका कोणता विषाणू आहे आणि तो कोणत्या जनावरासाठी किती दुबळा केलेला आहे, हे तपासलेले असणे किती आवश्यक आहे, ते यावरून कळते. आपल्याकडील उत्तरकाशी स्ट्रेनबाबत हे काम भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत आधीच झालेले होते, आणि माझ्या चार गुणांपैकी निदान एक त्या पूर्वतयारीचा आहे.

या लसीने जो सर्वांत घातक गैरसमज पसरवला, तो लाळ्या-खुरकुताविषयीचा. शेळीची लस गाईच्या लम्पीला चालली, मग लाळ्या-खुरकुताचीही एखादी जुनी, उरलेली लस चालेल, असे विट्याच्या बाजारात चांगले जाणते लोकही बोलताना मी ऐकले. लाळ्या-खुरकुताच्या विषाणूचे जगात सात प्रमुख प्रकार आहेत आणि त्यांच्यापैकी एकाची लस दुसऱ्यापासून वाचवत नाही. म्हणूनच भारतात दिल्या जाणाऱ्या लसीत ‘ओ’, ‘ए’ आणि ‘एशिया-१’ हे तिन्ही प्रकार एकत्र घातलेले असतात आणि २०१९ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती दर सहा महिन्यांनी दिली जाते. एवढेच नव्हे, तर एकाच प्रकारातील शेतात फिरणारा विषाणू लसीतल्या स्ट्रेनपासून दूर गेला तरी संरक्षण घटते. हा फरक का, याचे उत्तर दोन्ही विषाणूंच्या रचनेत आहे. लाळ्या-खुरकुताचा विषाणू अगदी लहान, जेमतेम साडेआठ हजार अक्षरांचा, वेगाने बदलणारा. त्याच्या कवचावरील मोजक्या ठिकाणांवर सगळे संरक्षण अवलंबून असते आणि नेमकी तीच ठिकाणे प्रकारागणिक वेगळी असतात. त्यातून त्याची लस मृत विषाणूची असते, त्यामुळे शरीराला कवचापलीकडे फारसे काही ओळखायला मिळत नाही. लम्पीच्या कुळातले विषाणू मोठे, मंद गतीने बदलणारे आणि लसीत जिवंत असतात. त्यांच्या बाबतीत थोड्या प्रथिनांतला फरक बाकीच्या साम्यामुळे भरून निघतो. अंगावर दिसणाऱ्या लक्षणांवरून किंवा दोन जनावरे एकाच गोठ्यात राहतात यावरून हे नाते कधीच ओळखता येत नाही.

जुन्या पिढीला गुरांचा बुळकांड्या रोग आठवत असेल. त्या रोगाचे उच्चाटन झाल्याची जागतिक घोषणा २०११ मध्ये झाली. बुळकांड्याचा विषाणू आणि शेळ्या-मेंढ्यांत पीपीआर नावाचा रोग करणारा विषाणू हेही नातलगच, आणि एके काळी भारतात शेळ्यांना पीपीआरपासून वाचवण्यासाठी गाईंच्या बुळकांड्याचीच लस दिली जात असे. ती काम करत असे. तरीही ती बंद करावी लागली, कारण बुळकांड्या देशातून खरोखर गेला का हे रक्ततपासणीने शोधायचे असताना, लस घेतलेल्या शेळ्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे त्या शोधात गोंधळ निर्माण करत होती. पुढे पीपीआरची स्वतःची लस, सुंगरी स्ट्रेनची, तयार झाली आणि तीच आज आपल्या शेळ्यांना मिळते. लम्पीच्या बाबतीत हीच अडचण उद्या येणार आहे. शेळीच्या देवीची लस घेतलेली गाय आणि लम्पी होऊन बरी झालेली गाय यांच्या रक्तात साध्या चाचणीने फरक करता येत नाही, त्यामुळे रोग एखाद्या जिल्ह्यातून गेला असे खात्रीने म्हणणे कठीण होते. राखून ठेवलेल्या त्या एका गुणाचा मोठा वाटा या उणिवेचा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतात लम्पीच्या अशा लसीला परवाना मिळाला आहे, की ती घेतलेल्या आणि रोग झालेल्या जनावरांत फरक करता येतो. ती गावपातळीवर नियमित मिळू लागली, तर शेळीची लस गाईंसाठी वापरण्याचे कारणच उरणार नाही, आणि उरूही नये.

माणसांच्या बाबतीत नातलगाकडून मिळालेले संरक्षण आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. १७९६ मध्ये एडवर्ड जेन्नर यांनी गाईच्या देवीतून माणसाच्या देवीवर लस दिली, आणि १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल या मुलीला ती भारतात पहिल्यांदा टोचली गेली. बाळाच्या दंडावर आजही टोचली जाणारी बीसीजीची लस, १९२१ पासून वापरात असलेली, गाईंच्या क्षयाच्या जंतूपासूनच बनवलेली आहे; ती लहान मुलांना क्षयाच्या घातक प्रकारांपासून वाचवते, पण मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयावर तमिळनाडूतील चिंगलपट येथील मोठ्या चाचणीत तिचा उपयोग दिसला नाही. डेंग्यूत तर नाते उलटे फिरते: चार प्रकारांपैकी एक होऊन गेल्यावर दुसरा झाला, तर पहिल्याची प्रतिपिंडे काही रुग्णांत आजार अधिक गंभीर करतात. गोठ्यात वावरणाऱ्या बायामाणसांसाठी एवढे सांगणे पुरे की लम्पी माणसाला होत नाही, आणि उकळलेले दूध निर्धास्तपणे पिता येते.

आमच्या वस्तीवर पपई लावणाऱ्या एका तरुण शेतकऱ्याने विचारले, “काकी, गाईला लस मिळते, तशी पपईच्या रिंगस्पॉट विषाणूला का नाही?” त्याला जे सांगितले ते इथेही लिहिते, कारण वनस्पतींतले हे संरक्षण मुळातच वेगळ्या रीतीने चालते. तंबाखूच्या मोझॅकचा सौम्य प्रकार झाडात असला तर तीव्र प्रकार त्यात शिरत नाही, असे मॅकिन्नी यांनी १९२९ मध्येच दाखवले होते. पपईसाठी हवाईतील विषाणूपासून सौम्य स्ट्रेन तयार करून १९८० च्या दशकात तैवानमध्ये मोठ्या क्षेत्रावर वापरला गेला, आणि ब्राझीलमध्ये संत्र्याच्या ट्रिस्टेझा रोगावर सौम्य विषाणू बसवलेली कलमे अनेक वर्षे यशस्वी ठरली. परंतु झाडाला प्रतिपिंडे नसतात. सौम्य विषाणू झाडात आयुष्यभर जिवंत राहावा लागतो, झाड त्याची आनुवंशिक साखळी ओळखून तिचे तुकडे करत राहते आणि तीच साखळी जवळजवळ जशीच्या तशी असलेला विषाणू आला तरच त्याचेही तुकडे होतात. साम्य थोडे कमी असले तर संरक्षण मिळत नाही, आणि तैवानमध्ये नेमके हेच आढळले की हवाईच्या स्ट्रेनने तिथल्या स्थानिक विषाणूला पुरेसे अडवले नाही. त्यामुळे बाहेरून आणलेल्या रोपांसोबत कोणी ‘लस दिलेली रोपे’ म्हणून काही विकत असेल, तर त्यातला विषाणू कोणत्या भागातला आहे हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पुन्हा लसीकडे येते. ती घ्यावी का, असे मला कोणी विचारले, तर लम्पीची स्वतःची लस दवाखान्यात उपलब्ध नसेल तोवर अवश्य घ्यावी, दरवर्षी घ्यावी, आणि पावसाळा सुरू होऊन माशा-डास वाढण्याच्या बऱ्याच आधी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. घरच्या शेळ्यांना ही लस त्यांच्या स्वतःच्या मात्रेत मिळाली पाहिजे. गाईंना दिली म्हणून शेळ्या सुरक्षित झाल्या असे होत नाही. आटपाडी आणि माण भागातील मेंढपाळांनी मेंढ्यांसाठी मेंढीच्या देवीची लसच मागावी.

वासरांची व्यवस्था मात्र अजून अपुरी आहे. लस घेतलेल्या गाईच्या चिकातून वासराला सुरुवातीचे संरक्षण मिळते, पण काही महिन्यांत ते ओसरते, आणि वासराला चौथ्या महिन्यानंतरच लस देता येते. मोहीम वर्षातून एकदा येते आणि वासरे वर्षभर जन्मत राहतात, त्यामुळे मोहिमेनंतर चार महिन्यांचे झालेले वासरू पुढच्या फेरीपर्यंत उघडे पडते. एका वासरासाठी पूर्ण कुपी फोडणे दवाखान्याला परवडत नाही, हे खरे आहे. आमच्या दूध संकलन केंद्रावर आता वहीत वासरांच्या जन्मतारखा लिहिल्या जातात, आणि आसपासच्या वस्त्यांवर लसीच्या वयाची पुरेशी वासरे झाली की दवाखान्याला कळवून एकाच सकाळी सर्वांना लस दिली जाते. डॉक्टरांनी अशी मागणी आजवर नाकारलेली नाही. फक्त यादीत प्रत्येक वासराच्या आईचा बिल्ला क्रमांक आणि तिला लस दिल्याची तारीख असावी, एवढे ते सांगतात.